एका यंत्रात अनेक यंत्रं : ॲलन ट्युरिंग

उंब्रजला रेल्वे स्टेशन नाही. गाडी धरायची तर मसूर नाहीतर कराड गाठावं लागतं. हा पुणे-मिरज मार्ग ब्रिटिशांच्या काळात सदर्न मराठा रेल्वेकडं होता. १९०८ साली ती कंपनी आणि मद्रास रेल्वे एक झाल्या आणि मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे असं लांबलचक नाव तयार झालं. या मद्रास रेल्वेचे एक चीफ इंजिनीअर होते एडवर्ड स्टोनी. त्यांच्या मुलीचा मुलगा म्हणजे ॲलन ट्युरिंग, ज्याला आज सगळं जग कॉम्प्युटर सायन्सचा जनक मानतं.

मित्रांनो, त्याची आठवण काढायचं कारण आपल्या रोजच्या कामातलं आहे. आज लॅबमधल्या एका सर्व्हरवर पाच-दहा व्हर्च्युअल मशीन सहज चालवता येतात. एकावर लिनक्स, दुसऱ्यावर विंडोज, तिसऱ्यावर डेटाबेस. प्रत्येकाला वाटतं, आपण स्वतंत्र कॉम्प्युटर आहोत! पण एक यंत्र दुसऱ्या यंत्राचं हुबेहूब सोंग घेऊ शकतं, हे आधी कुणीतरी सिद्ध करावं लागलं. ते ट्युरिंगनं १९३६ साली केलं, आणि तेव्हा आजच्यासारखा कॉम्प्युटर जगात कुठंच नव्हता.

त्याचे वडील ज्युलियस मद्रास इलाख्यात आय.सी.एस. अधिकारी होते. आई एथेल हिचा जन्मही तिकडचाच, पोदनूरचा. ॲलन जन्मला लंडनमध्ये, २३ जून १९१२ ला. आईवडील पुन्हा भारतात आले आणि ॲलन व त्याचा थोरला भाऊ जॉन इंग्लंडमध्येच दुसऱ्या कुटुंबाकडं वाढले. आईवडील कामासाठी मुंबईला आणि पोरं गावाकडं, हे आपल्या साताऱ्याला नवीन नाही. ॲलनच्या घरी मात्र समुद्र आडवा होता.

१९२६ साली त्याला शेरबोर्नच्या शाळेत घातलं. नेमका त्याच वेळी देशभर संप आणि गाड्या बंद. तेरा वर्षांचा हा पोरगा साउथॅम्प्टनहून सायकलवर निघाला आणि सुमारे शंभर किलोमीटर तोडून दुसऱ्या दिवशी शाळेत हजर! साधारण उंब्रजहून कोल्हापूर गाठण्याएवढं अंतर. शाळेत ख्रिस्तोफर मॉरकॉम हा त्याचा जिवाभावाचा मित्र. १९३० मध्ये मॉरकॉम आजारानं गेला. या मृत्यूचा ॲलनवर खोल परिणाम झाला. मन म्हणजे काय आणि शरीराशी त्याचं नातं काय, हा प्रश्न त्याला पुढं आयुष्यभर पुरला.

१९३१ ला तो केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात गेला आणि १९३५ मध्ये बाविसाव्या वर्षी तिथंच फेलो झाला. पुढच्या वर्षी त्याचा तो प्रसिद्ध निबंध आला. त्यात एक काल्पनिक यंत्र आहे. चौकटींची लांबच लांब पट्टी, एका वेळी एकच चौकट वाचणारं-लिहिणारं डोकं आणि नियमांचा एक तक्ता. बेरजेसाठी एक तक्ता, गुणाकारासाठी दुसरा. म्हणजे प्रत्येक कामाला वेगळं यंत्र आलं. इथं ट्युरिंगनं खरी कमाल केली. दुसऱ्या यंत्राचा तक्ता चिन्हांत लिहून पट्टीवरच ठेवला, तर तो वाचून त्याच्यासारखं वागणारं एकच सार्वत्रिक यंत्र बनवता येतं, हे त्यानं दाखवून दिलं. यंत्र ही फक्त लोखंडाची वस्तू न राहता लिहून ठेवता येणारी गोष्ट झाली!

आता आपलं व्हर्च्युअल मशीन बघा. सर्व्हरच्या दृष्टीनं ते काय असतं? एक कॉन्फिगरेशन फाईल आणि एक डिस्क इमेज. फाईलींची कॉपी केली, नाव आणि नेटवर्कचा पत्ता बदलला की दुसरं मशीन तयार. फरक एवढाच, की वेग मिळावा म्हणून बहुतेक सूचना थेट खऱ्या सी.पी.यू.वर चालतात आणि नाजूक सूचना आल्या की हायपरवायझर मध्ये पडतो. ट्युरिंगच्या निबंधात हेही आहे, की गणित करणारा माणूस काम अर्धवट सोडून उठू शकतो; पुढं काय करायचं याची चिठ्ठी मात्र त्यानं नीट लिहून ठेवली पाहिजे. आपण मशीन सस्पेंड करतो तेव्हा सर्व्हर हेच करतो. मेमरीतली सगळी अवस्था फाईलमध्ये लिहितो आणि नंतर तिथूनच पुढं चालू!

त्याच निबंधातून दुसरी गोष्ट निघाली, जी पुढं हॉल्टिंग प्रॉब्लेम म्हणून ओळखली गेली. कुठलाही प्रोग्रॅम थांबेल की नाही, हे आधीच ओळखणारी सर्वसाधारण रीत असूच शकत नाही. म्हणून सर्व्हर सांभाळणारा प्रत्येक मशीनला सी.पी.यू. आणि मेमरीची मर्यादा घालतो. एकाचा प्रोग्रॅम अनंत लूपमध्ये अडकला, तरी बाकीच्यांचं काम अडायला नको.

१९३९ ला युद्ध सुरू झालं आणि ट्युरिंग ब्लेचली पार्कला गेला. जर्मनांच्या एनिग्मा यंत्राचा संकेत फोडायचा होता. पोलिश गणितज्ञांनी पाया घातला होता, त्यावर त्यानं बॉम्ब नावाचं यंत्र आखलं आणि गॉर्डन वेल्चमननं त्यात मोठी सुधारणा केली. गंमत म्हणजे नेहमीच्या एका बॉम्बमध्ये ३६ एनिग्मांची नक्कल एकाच वेळी चालायची. एका सांगाड्यात छत्तीस यंत्रं!

युद्धानंतर राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत त्यानं ए.सी.ई. या कॉम्प्युटरचा आराखडा केला, पण काम रेंगाळलं. १९४८ ला तो मँचेस्टरला आला आणि तिथल्या कॉम्प्युटरसाठी त्यानं प्रोग्रॅमरांचं हँडबुक लिहिलं. बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅमही त्यानं बनवला होता. तो चालवायला यंत्र नव्हतं. मग १९५२ मध्ये त्यानं कागद-पेन्सिल घेऊन प्रोग्रॅमचे नियम स्वतः पाळले, एकेका चालीला अर्धा तास लावून! डाव हरला, पण प्रोग्रॅम चालला. त्या दिवशी कॉम्प्युटरचं सोंग खुद्द ट्युरिंगनं घेतलं होतं.

त्याच वर्षी घात झाला. समलिंगी संबंध तेव्हा इंग्लंडमध्ये गुन्हा होता. ट्युरिंगवर खटला झाला. तुरुंग टाळण्यासाठी त्यानं वर्षभर हार्मोनची सक्तीची औषधं सोसली. सरकारी गुप्त कामाचे दरवाजे बंद झाले. ७ जून १९५४ ला सायनाइडनं त्याचा मृत्यू झाला आणि चौकशीत आत्महत्या असा निर्णय आला. वय फक्त ४१. ब्रिटिश सरकारनं २००९ मध्ये माफी मागितली, २०१३ मध्ये त्याला राजमाफी मिळाली आणि २०२१ मध्ये ५० पौंडांच्या नोटेवर त्याचं चित्र आलं. आपल्याकडं ब्रिटिशांनीच आणलेलं कलम ३७७ सुप्रीम कोर्टानं प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं रद्द केलं, तेही २०१८ साली. ज्या माणसानं यंत्राची पारख त्याच्या कामावरून करायला शिकवलं, त्याची पारख मात्र त्याच्या कामावरून झाली नाही.

त्याचं काम पुढं चालू राहिलं. त्याचं हँडबुक वाचून प्रोग्रॅम लिहिणाऱ्या ख्रिस्तोफर स्ट्रेचीनं १९५९ मध्ये कॉम्प्युटरचा वेळ वाटून घेण्यावर निबंध वाचला. १९६० च्या दशकात आय.बी.एम.नं अमेरिकेत एका मोठ्या यंत्रावर प्रत्येकाला पूर्ण स्वतंत्र भासणारं यंत्र दिलं आणि १९७२ मध्ये व्ही.एम./३७० बाजारात आणलं. २००३ मध्ये ट्युरिंगच्याच केंब्रिज विद्यापीठातून झेन हा हायपरवायझर आला आणि २००७ पासून के.व्ही.एम. थेट लिनक्सच्या गाभ्यात आहे, तोही फुकट!

आता थोडं व्यवहाराचं. उंब्रजजवळ पालला खंडोबाची यात्रा भरते, तेव्हा एस.टी. जादा गाड्या सोडते. यात्रा सरली की गाड्या आपापल्या डेपोत. व्हर्च्युअल मशीन तशीच वापरावीत. गर्दीला वाढवा, नंतर बंद करा. पण डेपोत गाड्या असतील तेवढ्याच सुटणार! ट्युरिंगची पट्टी अमर्याद होती, आपली रॅम नाही. १६ जीबीच्या सर्व्हरवर ४ जीबीची चार मशीन एकदम लावली, तर खुद्द सर्व्हरला काय उरलं? आणि स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे. तो त्याच डिस्कवर असेल, तर डिस्क गेली की तोही गेला. खरी प्रत दुसऱ्या ठिकाणीच ठेवायची.

आपल्या भागातल्या पोरांना नेहमी वाटतं, पुण्या-मुंबईच्या कॉलेजांसारख्या लॅब असत्या तर आपणही काही केलं असतं. लॅब मोठी असावी, त्यासाठी भांडावंही. पण चार मशीनचं नेटवर्क शिकायला आज चार मशीन लागत नाहीत. ८ जीबी रॅमच्या एका जुन्या पी.सी.वर लिनक्सची तीन छोटी मशीन उभी राहतात. ती मोडा, पुसा, पुन्हा उभी करा. ट्युरिंगनं तर कागदावर सुरुवात केली होती!