बेंजामिन थॉम्पसन, काउंट रम्फर्ड

बेंजामिन थॉम्पसन, काउंट रम्फर्ड (२६ मार्च १७५३ – २१ ऑगस्ट १८१४) हे अमेरिकेत जन्मलेले भौतिकशास्त्रज्ञ व प्रशासक होते. घर्षणातून उष्णता अखंड निर्माण होत राहते, हे त्यांनी तोफा कोरण्याच्या प्रयोगातून दाखवले. स्वयंपाकाच्या चुलींची शास्त्रशुद्ध रचना करणाऱ्या आरंभीच्या संशोधकांतही त्यांची गणना होते.

जीवन

थॉम्पसन यांचा जन्म मॅसॅच्युसेट्समधील वोबर्न येथे शेतकरी कुटुंबात झाला. अमेरिकन क्रांतीत त्यांनी ब्रिटिशांची बाजू घेतली, त्यांच्यासाठी हेरगिरीही केली, आणि १७७६ मध्ये पत्नी व लहान मुलीला मागे ठेवून इंग्लंड गाठले. पुढे बव्हेरियाचा शासक कार्ल थिओडोर याच्या सेवेत असताना त्यांना काउंट ही पदवी मिळाली.

घर्षण आणि उष्णता

त्या काळी उष्णता हा कॅलरिक नावाचा अदृश्य द्रव मानला जाई. म्युनिकच्या शस्त्रागारात तोफा कोरताना धातू अतिशय तापतो, हे रम्फर्ड यांच्या लक्षात आले. त्यांनी मुद्दाम बोथट गिरमिट घेतले, तोफेच्या धातूचा दंडगोल सुमारे साडेआठ किलो पाण्याच्या पेटीत बसवला आणि घोड्यांच्या बळावर तो फिरवला. अडीच तासांत पाणी उकळू लागले. विस्तव नसताना उकळणारे पाणी पाहून उपस्थित थक्क झाले. घोडे फिरत होते तोवर उष्णता संपत नव्हती. म्हणून ती द्रव्य नसून गतीचाच प्रकार असावी, असा निष्कर्ष त्यांनी १७९८ मध्ये रॉयल सोसायटीपुढे मांडला. गती आणि उष्णता यांचे नेमके प्रमाण पुढे जेम्स जूल यांनी ठरवले.

या उष्णतेवर अन्न शिजवता येईल, हे रम्फर्ड यांनी नमूद केले. मात्र घोड्याचा चारा थेट जाळला तर अधिक उष्णता मिळेल, हेही त्यांनी स्पष्ट केले. कोल्हापूर परिसरातील जुन्या गुऱ्हाळांची व्यवस्था याच हिशेबाला धरून होती. बैलांचे बळ चरकात ऊस पिळण्यापुरते वापरले जाई. काहिलीतील रस आटवण्यासाठी चुलवणात वाळलेली चिपाडे जाळत. गूळ करण्याइतकी उष्णता बैल फिरवून मिळवणे परवडणारे नव्हते.

चुली व स्वयंपाकघर

म्युनिकमधील गरिबांना काम व अन्न पुरवताना उघड्या चुलीत जळण किती वाया जाते, हे रम्फर्ड यांनी पाहिले. प्रत्येक भांड्याखाली स्वतंत्र, बंदिस्त आणि आच कमी-जास्त करता येणारी चूल त्यांनी रचली. सातू व वाटाण्याचे स्वस्त सूपही त्यांचेच.

अखेरची वर्षे

१७९९ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनच्या स्थापनेत त्यांनी पुढाकार घेतला. कॅलरिक सिद्धान्ताचे पुरस्कर्ते लाव्हाझिए यांच्या विधवा पत्नीशी त्यांनी पुढे विवाह केला. तो काही वर्षांतच मोडला. पॅरिसजवळील ओतेय येथे त्यांचे निधन झाले.