जुळ्यांची ‘मा’ : मेरी स्लेसर

थोरामोठ्यांची चरित्रे वाचताना ती माणसे आपल्यापासून फार दूरची वाटतात. मेरी स्लेसर मात्र मला तशी वाटली नाही. ती एका गिरणीतून आली होती.

२ डिसेंबर १८४८ रोजी स्कॉटलंडमधील अॅबर्डीन येथे तिचा जन्म झाला. वडील जोडे शिवीत. पण दारूने त्यांचा धंदा आणि घर दोन्ही बुडवले. १८५९ मध्ये हे कुटुंब डंडी या गिरणगावात आले. अकरा वर्षांची मेरी गिरणीत अर्धवेळ कामाला लागली. अर्धा दिवस काम, अर्धा दिवस गिरणीच्या शाळेत. चौदाव्या वर्षी ती पूर्णवेळ विणकरीण झाली. पहाटे सहापासून संध्याकाळी सहापर्यंत माग चालवताना ती पुस्तक मागावर उघडे ठेवी आणि सवड मिळेल तसे वाची. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारी मीच पहिली. त्यामुळे हा भाग मी दोनदा वाचला.

तिच्या युनायटेड प्रेस्बिटेरियन चर्चने १८४६ पासून पश्चिम आफ्रिकेत, आजच्या नायजेरियातील कॅलाबार येथे मिशन चालवले होते. तेथे जाण्यासाठी मेरीने अर्ज केला आणि ५ ऑगस्ट १८७६ रोजी, सत्तावीस वर्षांची असताना, ती बोटीत बसली. तेथे तिने एफिक भाषा इतकी आत्मसात केली की लोक तिला आपलीच मानू लागले. हिवतापाने तिला वारंवार गाठले. पण तिने ती भूमी सोडली नाही.

त्या भागात जुळी मुले जन्मणे हा मोठा अपशकुन मानत. जुळ्यांपैकी एकाचा बाप दुष्ट आत्मा असतो, अशी समजूत होती. तो कोणता हे कळणार कसे? म्हणून दोन्ही अर्भकांना मारीत किंवा मातीच्या मडक्यात घालून रानात टाकून देत, आणि आईला गावाबाहेर काढीत. हे वाचून आपण चटकन त्या लोकांना क्रूर म्हणू. पण गर्भलिंग तपासून मुली नाहीशा करण्याविरुद्ध आपल्या महाराष्ट्रालाही १९८८ मध्ये कायदा करावा लागला, हे विसरून कसे चालेल? ती माणसे मुळात दुष्ट नव्हती, भ्यालेली होती. मेरीने हे ओळखले, यातच तिचे मोठेपण आहे असे मला वाटते.

टाकलेली मुले ती उचलून आणी. स्कॉटलंडमधील चर्चची मंडळी पेट्या भरभरून कपडे आणि वस्तू पाठवीत; त्यावर तिचे हे भरलेले घर चाले. यांतलीच एक जेनी. जुळ्यांतला तिचा भाऊ वाचला नाही. मेरीने तिला पोटच्या मुलीसारखे वाढवले, १८८३ मध्ये आपल्याबरोबर स्कॉटलंडलाही नेले.

पण मुलाला छप्पर दिले की काम संपले, असे तिने मानले नाही. एकदा जेनीचा बाप दारावरून जात होता. मेरीने त्याला मुलगी पाहायला बोलावले. तो भीतीने मागे सरला. मेरीने त्याचे मनगट धरून त्याला आत ओढलेच आणि जेनीला त्याच्या गळ्यात हात टाकायला सांगितले. त्या इवल्या हातांचा स्पर्श झाला आणि त्याचे भय विरघळले. मग तो तिला सोडीना. त्यानंतर तो लेकीसाठी खाऊ घेऊन येऊ लागला.

काही वर्षांपूर्वी माझे काका-काकू पाठोपाठ गेले. त्यांच्या दोन मुलांना अनाथाश्रमात ठेवावे, असे काही नातलगांनी सुचवले. आजीने ऐकले नाही. मुले आमच्या दोन खोल्यांत आली. अडचण झाली, अजूनही होते. पण संध्याकाळी धाकटा माझ्या वडिलांच्या मांडीवर चढून बसतो, तेव्हा मेरीने त्या बापाचे मनगट का धरले असेल ते मला उमगते.

१८८८ मध्ये ती ओकोयाँग या दुर्गम मुलखात एकटी राहायला गेली. तेथील एकेंगे गावच्या प्रमुखाची विधवा बहीण, मा एमे, तिची जिवलग झाली. गावात कोणावर संकट येणार असले की ती गुपचूप निरोप पाठवी आणि मेरी धावत जाई. १८९२ मध्ये ब्रिटिश सरकारने मेरीला तेथे व्हाइस-कॉन्सल नेमले आणि ती न्यायनिवाडाही करू लागली. परकी सत्ता तिच्यामागे होती, हे नाकारता येणार नाही. तरी तिला मान मिळाला तो बंदुकीमुळे नव्हे. ती त्यांच्यासारख्याच मातीच्या झोपडीत राहिली, त्यांच्या भाषेत भांडली. चार्ल्स मॉरिसन या शिक्षकाशी तिचा विवाह ठरला होता. पण त्याला ओकोयाँगला येण्यास मिशनने परवानगी नाकारली आणि मुलखाला सोडून जाण्यास ती तयार झाली नाही. लग्न राहिले.

१३ जानेवारी १९१५ रोजी उसे या गावी तिचा अंत झाला. तिने वाढवलेल्या मुली जवळ होत्या. पुढे १९९७ मध्ये स्कॉटलंडच्या क्लाइड्सडेल बँकेने दहा पौंडांच्या नोटेवर तिचे चित्र छापले. ज्या गिरणकामगार मुलीच्या घरी पैशापैशाची ओढाताण होती, ती नोटेवर आली!

कॅलाबारचे लोक तिला ‘मा’ म्हणत. त्यांच्या भाषेत तो आईला आदराने हाक मारण्याचा शब्द. तिने मुले वाचवली हे खरेच. पण भ्यालेल्या माणसांना त्यांच्याच लेकरांकडे पुन्हा पाहायला शिकवले, म्हणून ही हाक तिला शोभते.