दह्याच्या वाटीत दीर्घायुष्य शोधणारा शास्त्रज्ञ

रात्रीची झाकपाक झाली, की आई कोमट दुधाला विरजण लावायची आणि मगच स्वयंपाकघरातला दिवा मालवायची. तापावरच्या औषधांनी आमची पोटे बिघडली, की दोन दिवस दहीभात ठरलेला. का, हे आम्ही कधी विचारले नाही आणि तिनेही कधी सांगितले नाही. पुष्कळ वर्षांनी त्या 'का'चा शोध घेताना मी एका विलक्षण माणसाच्या चरित्रापाशी येऊन थांबलो. त्यांचे नाव एली मेचनिकॉफ.

हे नाव आपल्याला परके वाटेल. पण परळची हाफकिन संस्था मुंबईकरांना माहीत आहे. ज्या वाल्डेमार हाफकिन यांनी १८९७ साली मुंबईत प्लेगची लस तयार करून आधी स्वतःला टोचून घेतली, ते ओडेसा विद्यापीठात याच मेचनिकॉफ यांचे विद्यार्थी होते.

मेचनिकॉफ यांचा जन्म १८४५ साली आजच्या युक्रेनमधील खारकीव्हजवळच्या खेड्यात झाला. विद्यापीठाचा चार वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनी दोन वर्षांत संपवला आणि पंचविशीत ते प्राध्यापक झाले. बुद्धीने असे भरभरून दिले, पण आयुष्याने तेवढेच ओरबाडले. पहिली पत्नी ल्युदमिला क्षयाने इतकी खंगलेली होती, की लग्नाच्या दिवशी तिला खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावे लागले. १८७३ साली ती गेली. मेचनिकॉफ यांनी तेव्हा स्वतःचे जीवन संपवण्याचा प्रयत्न केला. तो सुदैवाने फसला. दुसरी पत्नी ओल्गा टायफॉइडने आजारी पडली, त्यानंतरच्या खचलेल्या दिवसांत त्यांनी एका तापाच्या रोग्याचे रक्त स्वतःला टोचून घेतले. मरता मरता ते वाचले. त्याच सुमारास, १८८१ साली, त्यांचे थोरले बंधू इव्हान ऐन चाळिशीत वारले. टॉलस्टॉय यांच्या 'इव्हान इलिचचा मृत्यू' या कथेमागे याच बंधूंच्या अखेरची हकिकत आहे.

मरणाला इतक्या जवळून पाहिलेला हा माणूस पुढे मरणाच्याच मागे लागला. १८८२ साली ते इटलीतील मेसिना येथे राहत होते. घरची मंडळी सर्कशीला गेली असताना त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळ्यांना गुलाबाचे काटे टोचून ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी सूक्ष्मदर्शकातून पाहतात तो काय, शरीरातल्या फिरत्या पेशी काट्याभोवती जमलेल्या! बाहेरून आलेल्या शत्रूला गिळणाऱ्या भक्षक पेशींची कल्पना त्यातून पुढे आली. १८८८ साली लुई पाश्चर यांनी त्यांना पॅरिसच्या आपल्या संस्थेत प्रयोगशाळा दिली आणि १९०८ साली पॉल एरलिश यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

परंतु उतारवयात त्यांच्या मनाने घेतले होते ते वेगळेच. माणूस म्हातारा का होतो? त्यांचे उत्तर होते, मोठ्या आतड्यामुळे. तिथे अन्न कुजवणारे जंतू विष तयार करतात आणि ते विष शरीर पोखरते. मग उपाय? दूध आंबले की कुजत नाही, कारण दह्यातले जंतू आम्ल तयार करतात. तेच जंतू आतड्यात वसवले तर? बल्गेरियातील दीर्घायुषी शेतकरी भरपूर दही खातात, ही गोष्ट त्यांना आपल्या बाजूचा पुरावा वाटली. १९०४ साली त्यांनी पॅरिसमध्ये वार्धक्यावर जाहीर व्याख्यान दिले आणि दह्याची लाटच उसळली. औषधांच्या दुकानांतून दह्याच्या जंतूंच्या गोळ्या विकल्या जाऊ लागल्या. मोठे आतडे वाईटच, या समजुतीने तर पुढे भलतेच टोक गाठले. लंडनचे शल्यविशारद आर्बथनॉट लेन बद्धकोष्ठाच्या रोग्यांचे मोठे आतडेच कापून काढू लागले.

मेचनिकॉफ स्वतः वर्षानुवर्षे नेमाने आंबवलेले दूध पीत. तरीही जुलै १९१६ मध्ये, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, हृदयविकाराने ते गेले. जाण्यापूर्वी त्यांनी सहकाऱ्याला आपले शवविच्छेदन करून आतडी नीट तपासायला सांगितले होते. शेवटची शंकाही शास्त्रज्ञाचीच!

मग त्यांचे काय चुकले? १९२० च्या सुमारास अमेरिकेत लिओ रेटगर यांनी दाखवून दिले, की दह्यातला तो बल्गेरियन जंतू आतड्यात मुक्काम करीत नाही. तो पाहुणा, आला तसा जातो. दुसरी चूक मोठी होती. आतड्यातले सगळे बिऱ्हाडकरू शत्रू नाहीत. पाश्चर संस्थेतच हेन्री टिसिए यांना १९०० च्या सुमारास अंगावर पिणाऱ्या बाळांच्या शौचात एक वेगळाच, फाटे फुटलेला जंतू भरपूर सापडला होता. आज आपल्याला कळते, की आईच्या दुधात अशा काही शर्करा असतात, ज्या बाळाला पचतच नाहीत. त्या असतात या जंतूंच्या वाट्याच्या. म्हणजे आई एकट्या बाळाला पाजत नाही, त्याच्या पोटातल्या बिऱ्हाडालाही जेवू घालते!

मोठेपणीही हेच चालते. २०१६ सालच्या एका अंदाजानुसार माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जीवाणू असतात आणि त्यांतले बहुतेक मोठ्या आतड्यात. भाकरी, डाळी, पालेभाज्या यांतला चोथा आपल्याला पचत नाही. जीवाणू तो आंबवतात आणि त्यातून तयार होणाऱ्या आम्लांवर आतड्याच्या अस्तराच्या पेशी पोसल्या जातात. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात स्वयंसेवकांना काही दिवस केवळ मांस, अंडी, चीज दिले, तर जेमतेम एका दिवसात जीवाणूंचा मेळा बदलू लागला आणि नेहमीचे जेवण सुरू होताच पूर्ववत होऊ लागला. २०२१ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील छोट्या प्रयोगात दहा आठवडे दह्यासारखे आंबवलेले पदार्थ खाणाऱ्यांच्या आतड्यातील जीवाणूंची विविधता वाढली आणि शरीरातील दाहाची लक्षणे कमी झाली.

ताटात काय पडते यावर पोटातली वस्ती ठरते, हा मेचनिकॉफ यांचा मूळ विचार असा शंभर वर्षांनी खरा ठरला. दह्याने आयुष्य किती वाढते, हे मात्र त्यांच्या उदाहरणावरून सांगता येणार नाही.

आता विरजण लावायची पाळी माझ्यावर आली आहे. पाहुणा मुक्काम करीत नाही, म्हणून ते रोज लावायचे, हे मला आता समजते. आणि ताकाआधी ताटात भाकरी-भाजी का हवी, हेही. पाहुण्याचे कोडकौतुक करताना घरची माणसे उपाशी ठेवून कसे चालेल?