महाद्वारासमोरील समाधी : संत चोखामेळा

मृत्यूपुढे राव आणि रंक सारखेच, हे आपण भजन-कीर्तनांतून बालपणापासून ऐकत आलो आहोत. ज्यांनी आपल्या अभंगांतून कुळाच्या अभिमानाला जाब विचारला आणि ज्यांच्या मरणानेच त्या अभंगांची साक्ष दिली, त्या चोखोबांचे चरित्र या सुवर्णमहोत्सवी वर्षात आवर्जून स्मरावेसे वाटते.

चौदाव्या शतकात मंगळवेढ्यास राहणारे चोखामेळा जातीने महार होते. गावाची पडतील ती कामे करावीत, वस्ती गावकुसाबाहेर करावी आणि पंढरीच्या विठ्ठलाचे दर्शन महाद्वाराबाहेर उभे राहूनच घ्यावे, असे जिणे त्यांच्या वाट्यास आले. नामदेवांना त्यांनी गुरू मानले. पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणे बंका आणि पुत्र कर्ममेळा यांनीही अभंगरचना केली. देह सर्वांचा त्याच पंचमहाभूतांचा. त्याच्या आरंभी विटाळ आणि शेवटीही विटाळच. मग सोवळे कोणास म्हणावे, असा चोखोबांचा सरळ प्रश्न होता. त्याचे उत्तर विद्वानांना देता आले नाही.

शके १२६० मध्ये, म्हणजे इ. स. १३३८ साली, मंगळवेढ्याच्या कुसवाचे बांधकाम चालू असता ते ढासळले आणि चोखोबा इतर मजुरांसह त्याखाली गाडले गेले. परंपरा सांगते की, नामदेव तेथे पोहोचले तेव्हा साऱ्यांच्या अस्थी एकमेकींत मिसळून गेल्या होत्या. ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले, त्या चोखोबांच्या, असे ओळखून त्यांनी त्या पंढरीस आणल्या व महाद्वारासमोर समाधी बांधली.

मातीने भेद मिटविला. माणसांनी तो तसाच ठेवला. समाधीही दाराबाहेरच राहिली. मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपुरात प्राणांतिक उपोषण केले, त्यानंतर मंदिराचे दार अस्पृश्य मानलेल्यांना उघडले. चोखोबांच्या निधनास तेव्हा ६०९ वर्षे लोटली होती.

परप्रांतात शेजाऱ्यांच्या दृष्टीने आपण सारे केवळ मराठी असतो. तरीही मंडळात नवे कुटुंब आले की, आडनाव ऐकून मनातल्या मनात कुळाचा हिशेब मांडण्याची खोड कित्येकांची सुटलेली नाही. समतेचे काम मृत्यूवर सोपवून चालत नाही, हे ती समाधी सांगते. पंढरीस गेल्यावर आत जाण्यापूर्वी तेथे क्षणभर थांबावे, आणि परतल्यावर आपल्या मंडळाचे दारही एकदा न्याहाळावे.