साखरेच्या कवचाचा वेध घेणारे ऑस्वाल्ड एव्हरी

न्यूमोनियावर प्रतिजैविके उपलब्ध नव्हती, त्या काळात ऑस्वाल्ड एव्हरी यांनी आपले संशोधन प्रामुख्याने न्यूमोकॉकस या एकाच जिवाणूला वाहिले. त्यांचा जन्म १८७७ मध्ये कॅनडातील हॅलिफॅक्स येथे एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. १९०४ मध्ये न्यूयॉर्कला ते डॉक्टर झाले. पण असाध्य रुग्णांपुढील हतबलतेने त्यांना प्रयोगशाळेकडे वळवले. १९१३ पासून रॉकफेलर संस्थेचे रुग्णालय ही त्यांची कर्मभूमी ठरली.

शरीराची प्रतिकारशक्ती केवळ प्रथिनेच ओळखते, असा तेव्हा समज होता. या जिवाणूची ओळख ठरवणारे कवच मात्र शर्करेचे असल्याचे एव्हरी व मायकेल हायडेलबर्गर यांनी १९२३ मध्ये दाखवले. पुढे वॉल्थर गोबेल यांच्यासह त्यांनी प्रयोगशाळेत घडवलेली शर्करा-संयुगे प्रथिनांना जोडली. ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज यांच्यात एका कार्बन अणूवरील मांडणीचाच फरक. पण सशांच्या प्रतिपिंडांनी तो अचूक टिपला. नुसती कवच-शर्करा टोचून सशांत प्रतिपिंडे निर्माण होत नसत. १९३१ मध्ये तीच प्रथिनाला जोडून दिल्यावर ती निर्माण झाली.

१९४४ मध्ये आनुवंशिकतेचा वाहक डीएनए असल्याचे दाखवूनही त्यांना नोबेल मिळाले नाही. १९५५ मध्ये ते निवर्तले. शर्करा-प्रथिन जोडणीची पहिली लस अमेरिकेत १९८७ मध्ये मान्य झाली, ती हिमोफिलस इन्फ्लुएंझा टाइप बी या जिवाणूविरुद्ध. नुसत्या शर्करेला दाद न देणाऱ्या तान्ह्या बाळांनाही पुढे या जोडणीनेच संरक्षण दिले. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची न्यूमोकॉकस लसही याच तत्त्वावर उभी आहे.