गॅरिसनची काठी

एव्हरेट गॅरिसन हे नाव तुमच्यापैकी बहुतेकांनी ऐकलेलं नसणार. पण मासे पकडायची बांबूची काठी घरच्या घरी बनवणाऱ्या लोकांमध्ये, मग ते अमेरिकेतले असोत, इटलीतले असोत की जपानमधले, हे नाव क्रिकेटवाल्यांत ब्रॅडमनचं घ्यावं तसं घेतलं जातं. मीही त्यातलाच एक. रिटायर झाल्यापासून न्यू जर्सीचे हिवाळे मी बेसमेंटमध्ये बांबू रंधत काढतो. घरी येणारा प्रत्येक मराठी पाहुणा मला हेच विचारतो, की वॉलमार्टमध्ये तीस-चाळीस डॉलरला काठी मिळत असताना हा उद्योग कशासाठी? त्याला उत्तर म्हणून मी गॅरिसनची गोष्ट सांगतो. आज ती लिहूनच काढतो.

आधी काठीबद्दल थोडंसं. आपल्या कोकणात खाडीवर गळ टाकतात तो प्रकार वेगळा. तिथे आमिषाला आणि शिशाला वजन असतं, ते आपल्या वजनाने लांब जातं. इथल्या डोंगरी नद्यांमध्ये ट्राउट मासा पाण्यावरचे किडे खातो. त्या किड्याची नक्कल पिसं आणि दोरा यांतून एका बारीक गळावर बांधतात, तिला फ्लाय म्हणतात. हिला वजन जवळजवळ नाहीच. एखादं पीस हातात घेऊन फेकून बघा, दोन हातांवरही जात नाही. म्हणून इथे फेकायची असते ती जाड, जड दोरी. पीस बिचारं तिच्या मागे मागे जातं. दोरीच्या वजनाने काठी वाकते आणि उलगडताना दोरीला पुढे सोडते. सगळा खेळ काठी किती, कुठे आणि कशी वाकते याचा.

असली काठी अख्ख्या बांबूची नसते. बांबू फोडून त्याच्या कामट्या काढायच्या, प्रत्येक कामटीला साठ अंशाचा कोन देऊन ती त्रिकोणी रंधायची आणि अशा सहा कामट्या चिकटवून षट्कोनी, आतून भरीव काठी तयार करायची. कामटी बुंध्याकडून टोकाकडे निमुळती होत जाते. टोकाला अख्खी काठी दोन मिलिमीटरपेक्षाही बारीक, म्हणजे तिथे एक कामटी मिलिमीटरभरसुद्धा नाही! आकाशकंदिलाच्या काड्या तासलेल्या हातांना याची कल्पना येईल. बांबूचं बळ असतं ते सालीखालच्या दाट तंतूंत, म्हणून सालीची बाजू रंधायची नाही. जे काढायचं ते आतल्या दोन बाजूंनी.

हे तंत्र गॅरिसनच्या आधीचं. पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टन गावच्या सॅम्युएल फिलिपी या बंदुका बनवणाऱ्या कारागिराला त्याचं श्रेय देतात, काळ १८४० च्या दशकातला. आणि गंमत म्हणजे तेव्हा बांबू जायचा आपल्या देशातून. कलकत्त्याच्या बंदरातून येतो म्हणून त्याचं इथलं नावच कॅलकटा केन. तो म्हणजे बहुधा आपला भरीव बांबू. हे मला कळलं तेव्हा आमच्या गावचं बुरुडाचं घर आठवलं. चिपळूणजवळच्या त्या अंगणात बसून एक म्हातारे गृहस्थ कोयत्याने बांबू असा फोडायचे, की चीर पेरामागून पेर सरळ जायची, एका बाजूला कललीच तर बोटाच्या दाबाने परत मधे यायची. त्यांची सुपं आणि रोवळ्या पंचक्रोशीत जात. ते हे सगळं कसं करायचे ते कुठेही लिहिलेलं नाही. त्यांची नातवंडं आता पुण्यात नोकऱ्या करतात, आणि करावीतच. पण चीर कललीच तर बोट कुठे दाबायचं, हे त्यांच्याबरोबर गेलं.

अमेरिकेत हा धंदा मोठा केला तो हायरम लिओनार्डने. जन्म १८३१, राहणार मेन राज्यातला, हाडाचा शिकारी, आणि हात यंत्रात. त्याने कामट्यांना कोन देणारं यंत्र तयार केलं आणि ते कुलूपबंद खोलीत ठेवलं. त्या खोलीत मोजक्यांनाच प्रवेश. पुढे त्याचेच लोक बाहेर पडले, त्यांनी आपापली यंत्रं बनवली, आणि काठ्यांच्या मापांवर जो तो झाकण ठेवून बसला. धंदा म्हटला की हे आलंच, मी त्यांना नावं ठेवत नाही. खरं सांगायचं तर दिसायला मला लिओनार्डची काठी गॅरिसनच्या काठीपेक्षा जास्त आवडते.

गॅरिसनचा जन्म १८९३ चा, न्यूयॉर्क शहराला चिकटून हडसनच्या काठी असलेल्या याँकर्सचा. पेशाने इंजिनिअर. त्याच याँकर्समध्ये डॉ. जॉर्ज पार्कर होल्डन नावाचे एक डॉक्टर राहत. त्यांना बांबूच्या काठ्यांचं वेड होतं आणि त्या वेडावर १९२० साली त्यांनी एक पुस्तकही लिहिलं होतं. या डॉक्टरांनी गॅरिसनला नादी लावलं. म्हणजे शिकवणारा हौशी आणि शिकणाराही हौशी, कारखान्याशी दोघांचा काडीचा संबंध नाही. मला हा योग फार महत्त्वाचा वाटतो. कारखान्यात शिकला असता तर गॅरिसनच्या हातात मापांचा एक कागद आला असता आणि त्याबरहुकूम त्याने आयुष्यभर काठ्या केल्या असत्या. इथे कागदच नव्हता. आणि इंजिनिअर माणूस, माप कुठून आलं हे कळल्याशिवाय पुढे जाणार कसा?

इंजिनिअर मंडळींनी पुढचा परिच्छेद चवीने वाचावा, बाकीच्यांनी हवा तर ओलांडावा.

तोपर्यंतचे कारागीर काठी बनवायचे, नदीवर न्यायचे, हलवून बघायचे, इथे थोडी जाड कर, तिथे बारीक कर, असं करत वर्षानुवर्षं माप बसवायचे. गॅरिसनने काठीकडे एका टोकाला धरलेली तुळई म्हणून पाहिलं, आपल्या गॅलरीसारखी कँटिलिव्हर. फरक इतकाच की गॅलरी वाकू नये म्हणून गणित करतात आणि इथे ती नीट वाकावी म्हणून. टोकापासून दर पाच इंचांवर त्याने हिशेब मांडला. बाहेर असलेल्या दोरीचं वजन किती, कड्यांचं आणि व्हार्निशचं किती, दोन तुकडे जोडणाऱ्या धातूच्या नळीचं किती, खुद्द बांबूचं किती. काठी नुसती धरलेली नसते, झटका देऊन थांबवलेली असते, म्हणून हे वजन चौपट धरायचं. मग बांबूच्या तंतूंवर कुठे किती ताण यावा याची एक वक्ररेषा ठरवायची आणि उलट हिशेब करून जाडी काढायची. जाडी दहा टक्क्यांनी वाढवली तर ताकद तेहतीस टक्क्यांनी वाढते आणि ताठपणा शेहेचाळीस टक्क्यांनी. म्हणून माप हजारांश इंचात. माणसाचा केस साधारण तीन हजारांश इंच जाड असतो, त्यावरून काय ते समजा. कॅल्क्युलेटर नव्हते. एका काठीचे कागदच्या कागद भरायचे. आज हेच गणित कॉम्प्युटर क्षणात करतो, पण त्या प्रोग्रामच्या पोटात गॅरिसनचाच हिशेब आहे.

नुसतं गणित करून भागत नाही. जाडी कागदावर निघाली, ती कामटीवर उतरवायची कशी? गॅरिसनकडे लिओनार्डसारखं यंत्र नव्हतं. त्याने पोलादाच्या दोन लांब पट्ट्या शेजारी शेजारी ठेवून मधे त्रिकोणी खाच पाडली, आणि दर पाच इंचांवर पट्ट्या जवळ-लांब करता येतील असे स्क्रू बसवले. कामटी खाचेत ठेवायची आणि पोलादाला रंधा टेकेपर्यंत हाताने रंधायची. माझ्याही बेसमेंटमध्ये असाच साचा आहे. स्क्रू फिरवून दर पाच इंचांचं माप लावण्यात अख्खी संध्याकाळ जाते, आणि एक काठी पुरी व्हायला साठ-सत्तर तास. रंध्याचं पातं मात्र दर थोड्या वेळाने लावून घ्यावं लागतं. बांबू पातं खातो आणि पातं बोथट झालं की पेराच्या गाठीपाशी कामटी उचकटते.

सरस लावलेल्या सहा कामट्या एकत्र घट्ट बांधणं हे दुसरं दुखणं. हातांनी दोरा गुंडाळला तर काठी पिळते. गॅरिसनने त्यासाठी एक साधंसं हातयंत्र वापरलं. वजन लटकवलेली एक दोरी काठीला वेढा घालून तिला गोल फिरवत पुढे सरकवते आणि त्याच वेळी सारख्या ताणाने दोरा गुंडाळला जातो. दिसायला आजीच्या चरख्याचा चुलतभाऊ. आज जगभर हौशी लोक त्याच धर्तीचं यंत्र करून वापरतात आणि त्याला गॅरिसनचंच नाव आहे.

त्याच्या काठ्या दिसायला अगदी साध्या. कड्या बांधायला पांढरं रेशीम, जे व्हार्निश लागलं की पारदर्शक होऊन खालचा बांबू दिसतो. नक्षी नाही, रंग नाही. बुचाची मूठ. चार-पाच दशकांत त्याच्या हातून सहा-सातशे काठ्या झाल्या, म्हणजे वर्षाला पंधराच्या आसपास. त्या तो विकत असे, पण त्यावर कारखाना कधी उभा राहिला नाही. आज त्याची एखादी काठी लिलावात निघाली तर हजारो डॉलर पडतात.

मधल्या काळात आजूबाजूचं जग मात्र पार बदललं. कलकत्त्याचा बांबू केव्हाच मागे पडून चीनचा आला होता. त्याला टॉंकिन म्हणतात, पण तो येतो ग्वांगडाँग प्रांतातून. मॅक्लुअर या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञाने १९३१ साली त्याचं जे शास्त्रीय नाव ठेवलं त्यात चक्क सुंदर असा शब्द आहे. १९५० साली कोरियाचं युद्ध पेटलं, अमेरिकेने चिनी मालावर बंदी घातली आणि ती वीसेक वर्षं टिकली. तेवढ्यात फायबरग्लासच्या स्वस्त काठ्या आल्या, बांबूचे कारखाने एकेक करून बसले. सत्तरच्या दशकात ग्राफाइट आलं. धंदेवाईक काठीवाल्यांचं ज्ञान हळूहळू त्यांच्याबरोबर मातीत चाललं होतं. गॅरिसनला धंदा असा नव्हताच, त्यामुळे बसायचं काय? तो आपला रंधत राहिला. पण तोही सत्तरी ओलांडून गेला होता.

अशा वेळी त्याच्याकडे होगी कारमायकल नावाचा तरुण येऊ लागला. 'स्टारडस्ट' या गाण्याचा संगीतकार होगी कारमायकल, त्याचा हा मुलगा. टीव्ही आणि सिनेमाच्या क्षेत्रातला. काठी शिकायला आला आणि लवकरच त्याच्या लक्षात आलं, की हा म्हातारा जे करतो ते याच्याशिवाय इतकं मुळापासून कुणाला ठाऊक नाही. मग त्याने कॅमेरा आणला. बांबू फोडण्यापासून व्हार्निशपर्यंत एक काठी बनताना त्याने गॅरिसनचे हात चित्रित केले. पुस्तकाचंही काम सुरू झालं. काठ्या बनवण्यावर आधी पुस्तकं नव्हती असं नाही, पण मापामागचं गणित, हत्यारं बनवायची कृती आणि खुद्द काठ्यांची मापं असं सगळं एका जागी उघडं करणारं हेच.

१९७५ साली गॅरिसन गेला, तेव्हा पुस्तक हातात यायचं होतं. ते कारमायकलने पुरं केलं आणि १९७७ साली बाहेर पडलं. गॅरिसनची हत्यारंही त्याच्याकडेच आली, आणि त्यांवर तो काठ्या करत राहिला.

आणखी दोन-तीन वर्षं उशीर झाला असता तर? हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. गॅरिसनच्या हातांसमोर कॅमेरा धरणारा कुणीतरी वेळेवर आला. आमच्या गावच्या त्या अंगणात कुणी आलं नाही. अजूनही कुठे कुठे बुरुडकाम चालू आहे, सिंधुदुर्गात आहे, विदर्भात आहे. गावाला जाणाऱ्यांच्या खिशात आज कॅमेरा असतोच. सूप तयार झाल्यावरचा फोटो सगळेच काढतात. चीर कलते तेव्हा बोट कुठे जातं, तेवढंही टिपून आणा.

ज्यांना काठ्या प्रत्यक्ष पाहायच्या असतील त्यांनी न्यूयॉर्क राज्यात लिव्हिंग्स्टन मॅनॉरला कॅट्सकिल फ्लाय फिशिंगचं म्युझियम आहे, तिथे जावं. विलोवीमॉक नदी शेजारूनच वाहते. मासे पकडणार असाल तर सोळा आणि त्याहून जास्त वय असलेल्यांना राज्याचं लायसन्स लागतं, ते ऑनलाइन मिळतं. पकडलेला ट्राउट बरेचजण पुन्हा पाण्यात सोडतात, हे कालवणाच्या आशेने येणाऱ्यांना आधीच सांगून ठेवतो.