सात जणींचा मोर्चा

१९८८ साली मी चिखलीच्या एका बँकेत अधिकारी होतो. एका बाजाराच्या दिवशी खेड्यातली एक मुस्लिम बाई खाते उघडायला आली. कडेवर मूल, हातात घडी घातलेले पत्र. पतीच्या नावाच्या रकान्यात काय लिहू, असे मी विचारताच तिने ते पत्र पुढे केले. मजकूर उर्दूत होता. आमच्या शिपाईचाचांनी तो वाचला, चष्मा काढून पुसला आणि रकान्यात तिच्या वडिलांचे नाव लिहायला सांगितले. संसार टपालाने मोडला होता.

त्या रात्री मी कपाटातून हमीद दलवाईंची ‘इंधन’ पुन्हा बाहेर काढली.

आजच्या पिढीला हे नाव कदाचित ठाऊक नसेल. दलवाई कोकणातले, चिपळूणजवळच्या मिरजोळीचे. जन्म १९३२चा. राष्ट्र सेवा दलात ते घडले आणि मराठीतच लिहू लागले. १९६५ साली ‘इंधन’ आली. लेखक म्हणून नाव होत असतानाच त्यांनी दुसरी, काट्याची वाट धरली. १८ एप्रिल १९६६ रोजी त्यांनी मुंबईत मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा काढला. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करा, सर्वांना समान नागरी कायदा द्या, ही मागणी. मोर्चात बायका किती? अवघ्या सात!

२२ मार्च १९७० रोजी पुण्यात त्यांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. नावातच महात्मा फुल्यांशी नाते सांगितले. तलाक मिळालेल्या स्त्रियांना आधार देणे हे मंडळाचे मोठे काम. त्यापायी धर्मद्रोहाचा शिक्का बसला, धमक्या आल्या, सभांना विरोध झाला. ज्यांच्यासाठी झटायचे, त्यातल्याच पुष्कळांचे शिव्याशाप घ्यायचे, हे सोपे नव्हते.

आता थोडे आमच्याविषयी. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आम्ही बँकेतली मंडळी ‘त्या लोकांच्या’ चालीरीतींवर हसलो. मीही हसलो. दलवाईंचे नाव मीच घेतले, जणू ते आमच्या बाजूचे साक्षीदार! शिपाईचाचा मुकाट्याने डबा बंद करून उठले. रात्री पुस्तक हातात घेतल्यावर मला लाज वाटली. दलवाईंनी मुस्लिम जमातवादावर कोरडे ओढले, तसे हिंदूंच्या पुनरुज्जीवनवादावरही ओढले होते. त्यांची टीका घरातल्या माणसाची होती, त्या बाईला न्याय मिळावा म्हणून केलेली. आमची टीका नुसती करमणूक होती. शब्द कदाचित तेच असतील, पण त्यामागची माया कुठे होती?

आमच्या बुलडाणा जिल्ह्यात होळीला पिंपळगाव सराईच्या सैलानीबाबांच्या यात्रेला हिंदू-मुसलमान दोघेही लोटतात. नवस एकत्र बोलतो. पण शेजारणीचा संसार मोडला तर तो त्यांचा मामला म्हणून दार लावून घेतो.

धर्माला प्रश्न विचारणाऱ्याचे वैरी सगळीकडेच असतात. १९८९ साली इराणमधून सलमान रश्दींविरुद्ध मृत्यूचा फतवा निघाला. २०२२ साली अमेरिकेत त्यांच्यावर चाकूहल्ला झाला. आपल्या पुण्यात २०१३ साली डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या गेल्या.

दलवाईंचा घात मात्र मूत्रपिंडांच्या आजाराने केला. ३ मे १९७७ रोजी ते गेले, तेव्हा वय ४४. त्यांच्या इच्छेप्रमाणे कोणत्याही धर्मविधीविना विद्युतदाहिनीत अंत्यसंस्कार झाले. पत्नी मेहरुन्निसा यांनी पुढे चार दशके ते काम सोडले नाही. जून २०१७ मध्ये त्याही गेल्या. त्यानंतर अडीच महिन्यांनी, २२ ऑगस्टला, सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तिहेरी तलाक रद्दबातल ठरवला. सात जणींच्या मोर्चाला तेव्हा ५१ वर्षे झाली होती.

निकालाची बातमी वाचताना मला ती बाई आठवली. पुढे दर महिन्याला ती शिवणकामाचे दहा-वीस रुपये भरायला यायची. रांगेत उभी असताना पासबुक छातीशी धरायची. त्यावर तिचे स्वतःचे नाव होते.